माणसाआधी रोबो : सोलापुरातल्या धोकादायक घटनास्थळाचा तपास, पायरीपायरीने

जानेवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) हा अंमली पदार्थ बनवणारा कारखाना पकडला. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. घटना तीन तऱ्हेच्या आहेत, पण अशा ठिकाणी पहिल्यांदा पोहोचणाऱ्याला सतावणारे प्रश्न तेच असतात. आत हवा कशी आहे? छत टिकेल का? कोपऱ्यातल्या त्या निळ्या पिंपात काय आहे? याची उत्तरं मिळवायला कुणाला तरी आत जावं लागतं, आणि आपल्याकडे तो 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधलेला हवालदार असतो.

त्याच्या जागी यंत्र कसं पाठवायचं, ते या लेखात आहे. वाचणारे तीन प्रकारचे असतील असं धरून लिहितोय: पोलीस आणि न्यायवैद्यक पथकातले लोक, अग्निशामक दल व कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी, आणि रोबो बनवणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांना आधीच सांगतो, खऱ्या घटनास्थळी तपास अधिकाऱ्याने बोलावल्याशिवाय पिवळ्या पट्टीच्या आत पाय ठेवायचा नाही, तुमची गाडी कितीही भारी असली तरी.

रोबो म्हणजे इथे स्वतः विचार करणारं यंत्र नव्हे. रबरी पट्ट्यांवर चालणारी, कॅमेरे, दिवे, वायूमापक आणि एक हात असलेली गाडी. बाहेर बसलेला माणूस ती चालवतो. ही कल्पना जुनी आहे. 1972 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बॉम्बसाठी ब्रिटिश लष्कराने 'व्हीलबॅरो' नावाची गाडी बनवली, तेव्हापासूनची. आपल्याकडे पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'दक्ष' बनवला. तो जिने चढतो आणि सुमारे 500 मीटरवरून चालवता येतो. पण त्याचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात आहे. साखर पेठेतल्या बोळात किंवा यंत्रमागांच्या दोन रांगांमध्ये तो शिरणार नाही. तपासाच्या कामाला वीस ते साठ किलोची, दोन माणसांनी उचलून टेम्पोत टाकता येईल अशी गाडी बरी.

दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. रोबोचं पहिलं काम पुरावा गोळा करणं नाही, माणूस आत जाऊ शकतो का याचं उत्तर आणणं आहे. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी विसरली जाते: आत जाणारा रोबो हाही घटनास्थळी शिरलेला एक इसमच आहे. तो धूळ नेतो, धूळ आणतो, पट्ट्यांचे ठसे सोडतो. म्हणून आत-बाहेरच्या नोंदवहीत त्याचीही ओळ हवी: कोणती गाडी, किती वाजता आत, कोणत्या दाराने, कुणी चालवली, किती वाजता बाहेर.

रोबो कधी पाठवायचा

सरसकट पाठवू नका. साध्या चोरीच्या घरात रोबो फिरवणं म्हणजे ठशांवर रोलर फिरवणं. हवा विषारी किंवा ज्वलनशील असल्याची शंका, अनोळखी रसायनं, स्फोटक पदार्थ, कोसळायला आलेलं बांधकाम, किरणोत्सर्गाची शक्यता, यांपैकी काही असेल तरच तो काढा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक जागा धरावी लागते. विहीर, ड्रेनेजचा चेंबर, मळीची टाकी. संशयास्पद मृतदेह विहिरीत दिसतो, एक जण उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो. इथे पट्ट्यांची गाडी निरुपयोगी. तिपाई, दोर, दोराला बांधलेला कॅमेरा आणि वायूमापकाची लांब नळी, एवढं पुरतं. केरळमध्ये मॅनहोल साफ करायला बनवलेला 'बँडिकूट' याच जातीचा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण हवेत तो साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वर गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'आता वास गेला, उतरा' हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे.

स्फोटक असल्याची नुसती शंका आली तरी सूत्रं बॉम्बशोधक व नाशक पथकाकडे, म्हणजे बीडीडीएसकडे. तुमची गाडी फार तर डोळा म्हणून वापरायची, हात म्हणून नाही. रासायनिक किंवा किरणोत्सर्गी प्रकरण असेल तर एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5 वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. सोलापूरपासून रस्त्याने पाच-एक तास धरा. तेवढा वेळ जागा नुसती राखून ठेवणं हेही काम आहे, आणि अनेकदा तेच सगळ्यात शहाणपणाचं असतं.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

गाडी टेम्पोतून उतरवायची घाई करू नका. आधी वारा बघा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी वारा दिशा बदलत राहतो, वावटळी उठतात. काठीला कापडाची पट्टी बांधून ती चालकाला दिसेल अशी रोवा. वारा पाठीवर आणि धोका समोर, अशी जागा धरा. वारा फिरला तर ठाणं हलवायचं, आणि कुठे हलवायचं ते आधीच ठरवून ठेवायचं.

मग तीन पट्टे आखा. आतला धोक्याचा पट्टा, जिथे फक्त रोबो. मधला, जिथे बाहेर आलेला रोबो धुतला जाईल. बाहेरचा, जिथे चालक, अधिकारी आणि पंच बसतील. चौथा पट्टा आपोआप तयार होतो, तो बघ्यांचा. त्यांना लांब ठेवायला स्वतंत्र माणूस नेमा. रोबो आला म्हटलं की शहराचा अर्धा पूर्व भाग मोबाईल घेऊन हजर होतो. चालकाचा पडदा गर्दीकडे तोंड करून कधीही ठेवू नका, नाहीतर मृतदेहाचं चित्र पंचनाम्याआधी व्हॉट्सॲपवर फिरेल.

वीज तोडायची का? आगीच्या ठिकाणी महावितरणकडून बाहेरूनच पुरवठा बंद करून घ्या. मात्र अंमली पदार्थांच्या कारखान्यात थांबा. आत एखादी प्रक्रिया चालू असेल तर वीज जाताच थंडावा आणि ढवळणी बंद पडते, मिश्रण तापत जातं. तिथे रसायनतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, रोबोच्या हातानेसुद्धा. आतल्या दिव्याचं आणि एक्झॉस्ट फॅनचं बटणही तसंच राहू द्या. चालू होताना आणि बंद होताना, दोन्ही वेळा ठिणगी पडते.

गाडीची तयारी

पहिला प्रश्न ठिणगीचाच. बाजारातल्या आणि कॉलेजांत बनलेल्या बहुतेक गाड्या ज्वालारोधक नसतात. ब्रशच्या मोटरीत ठिणग्या उडत राहतात. ज्वलनशील वायूच्या जागी चालणाऱ्या उपकरणांना मंजुरी देणारी संस्था म्हणजे पेसो, मुख्यालय नागपूर. तशी मंजुरी नसलेली गाडी असेल तर नियम सोपा आहे: आधी शटरच्या फटीतून किंवा पत्र्याच्या भोकातून वायूमापकाची नळी आत सरकवून आकडा घ्या. ज्वलनशील वायूचा आकडा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे ज्या किमान प्रमाणाला तो वायू पेट घेऊ शकतो त्याच्या, दहा टक्क्यांवर असेल तर गाडी आत जाणार नाही. यात अपवाद करू नका. वाचवायला पाठवलेल्या यंत्राने शेड उडवली तर पुरावाही गेला आणि आसपासची माणसंही.

दुसरा प्रश्न संपर्काचा. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये वायरलेस सिग्नल दारातून आत जाताच दमतो. बीडीडीएसने जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल अडवणारं यंत्र लावलं तर तुमच्या गाडीचाही आवाज बंद. शिवाय विजेवर चालणाऱ्या डिटोनेटरजवळ रेडिओ लहरी मुळात नकोच. म्हणून फायबरची किंवा साधी नेटवर्कची केबल मागे ओढत नेणारी गाडी मला जास्त भरवशाची वाटते, तिची ओढाताण सहन करूनही. केबलला तिचा स्वतःचा धोका आहे. फुकुशिमात ऑक्टोबर 2011 मध्ये 'क्विन्स' हा जपानी रोबो अणुभट्टीच्या दुसऱ्या युनिटमध्ये केबलचा घोळ होऊन आतच अडकला. तेव्हा वळणावर केबल कशाला अडकते हे पाहायला मागच्या बाजूला एक वेगळा कॅमेरा ठेवा, आणि ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या. खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परतायचा मोह चालकाला हमखास होतो.

तिसरी तयारी स्वच्छतेची, आणि इथेच तपासाची गाडी नुसत्या बचावाच्या गाडीपासून वेगळी ठरते. मागच्या ठिकाणची माती रबरी पट्टीच्या खाचेत राहिली तर उद्या बचाव पक्षाचा वकील विचारेल, हा अंश आरोपीच्या गोदामातला कशावरून? म्हणून निघण्याआधी रबरी पट्ट्या, हाताच्या टोकाचा चिमटा, पोटाखालचा पत्रा धुवा, चिमट्याला नवीन आवरण घाला, आणि मग निर्जंतुक बोळ्याने चिमटा व पट्ट्या पुसून तो बोळा वेगळ्या पाकिटात सीलबंद करा. हा कोरा नमुना. 'आत जाण्याआधी गाडीवर काही नव्हतं' हे सांगणारा साक्षीदार तोच. कॅमेऱ्यांची घड्याळंही याच वेळी जुळवा. दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक निघाला की उलटतपासणीत त्या चार मिनिटांचे चार तास होतात.

मापासाठी एक स्वस्त युक्ती: कॅमेऱ्याशेजारी बरोबर दहा सेंटीमीटर अंतराने दोन समांतर लेझर बसवा. भिंतीवर किंवा जमिनीवर पडणारे दोन ठिपके म्हणजे प्रत्येक फोटोतली पट्टी. फटाक्यांची दारू किंवा अनोळखी पदार्थ समोर असेल तेव्हा मात्र ते बंद ठेवा.

उन्हाचंही बघा. मे महिन्यात 43 अंशांत काळ्या रंगाची पेटी आतून किती तापते ते हात लावल्यावर कळतं. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. जागेवर चार्जिंग करूच नका, भरलेल्या बॅटऱ्या सावलीत ठेवा. चालकाच्या पडद्याला उन्हापासून आडोसा हवा, नाहीतर त्याला स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. जुलैमध्ये प्रश्न उलटा होतो. आपली काळी चिकणमाती पट्ट्यांत भरली की गाडी जागेवर गिरक्या घेते. दारापर्यंत फळ्या टाका.

चार माणसं, चार कामं

चालक फक्त चालवतो. दुसरा फक्त पडदा बघतो आणि दिसेल ते बोलतो. तिसरा लिहितो. चौथा वारा, गर्दी आणि वेळ सांभाळतो, आणि 'बाहेर काढा' म्हणायचा अधिकार त्याच्या एकट्याकडे असतो, मग शेजारी कितीही वरचे साहेब उभे असोत. हुकूम आधी ठरवलेलेच वापरायचे: पुढे, थांब, मागे, उचल, सोड. 'हां हां हां' हा हुकूम होत नाही. ते ऐकून अर्धे चालक थांबतात आणि अर्धे पुढे जातात.

पडद्यावर खोली कळत नाही, हे नव्या चालकाला पटायला वेळ लागतो. चिमटा बाटलीपासून दोन इंच लांब आहे की चिकटलाय, हे एका कॅमेऱ्यातून सांगता येत नाही. बाजूने बघणारा दुसरा कॅमेरा लावा, किंवा हातावर दिवा लावून सावली बघा. सावली आणि चिमटा एकमेकांना भेटले की वस्तूला स्पर्श झाला.

आत शिरणं

गुन्हेगार ज्या दाराने आला-गेला असेल ते दार टाळा. शेडला मागचं दार असेल तर तिथून. पर्याय नसेल तर भिंतीकडेने एकच अरुंद वाट ठरवा आणि रोबो त्याच वाटेवर ठेवा. पुढे माणसं आत गेली तर तीही त्याच वाटेने जातील.

पहिली फेरी रोबोचा हात दुमडूनच करायची. काहीही उचलायचं नाही. थोडं पुढे, थांबा, कॅमेरा चारही बाजूंनी आणि वर फिरवा, मग पुन्हा पुढे. वर बघायचं लोक विसरतात. आग लागलेल्या शेडमध्ये पत्रा आणि छताला आधार देणारी कैची धोकादायक असते, जमीन नाही. फोटो असे घ्या की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान साठ टक्के भाग येईल. त्यावरून नंतर संगणकावर जागेचं त्रिमितीय चित्र जोडता येतं आणि न्यायालयात ते पडद्यावर फिरवून दाखवता येतं.

ड्रोन का नाही, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. बाहेरून छप्पर बघायला उत्तम आहे, परवानगी आणि होटगी रोडच्या विमानतळाची हद्द सांभाळून. बंद शेडमध्ये मात्र पंख्याचा वारा राख उडवतो, भुकटी पसरवतो, कागद हलवतो. जळालेल्या जागेत राखेचे थर हाच पुरावा असतो. आग कुठून सुरू झाली हे ते सांगतात.

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर आंधळा विश्वास नको. चकचकीत स्टीलची टाकी प्रत्यक्षात उकळत असली तरी पडद्यावर थंड दिसू शकते, कारण ती आजूबाजूची उष्णता आरशासारखी परावर्तित करते. काचेच्या आडचं काहीच दिसत नाही.

हवेचे आकडे

हा भाग सावकाश वाचा, कारण माणसाला आत पाठवायचं की नाही हे इथे ठरतं.

मापक आदल्या महिन्यात तपासून आणला होता, यावर भागवू नका. निघण्याआधी माहीत असलेला वायू त्यावर सोडून तो ओरडतो का ते बघा. गाडीवर दोन उंचींवर मापक लावा, एक जमिनीलगत आणि एक हाताच्या टोकाला. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, एलपीजी आणि बहुतेक द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या खड्ड्यात, गटारात, मागाच्या पायाशी साचतात. अमोनिया आणि मिथेन वर चढतात.

प्रत्येक ठिकाणी थांबूनच आकडा घ्या. बहुतेक सेन्सरना स्थिर आकड्यापर्यंत यायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं, नळीतून हवा ओढली जात असेल तर आणखी. चालत्या गाडीवर दिसणारा आकडा मागे सोडलेल्या जागेचा असतो.

क्रम असा: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. हा क्रम उगाच नाही. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आतल्या आत तो वायू जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर शेड वायूने भरलेली असतानाही पडदा शून्याजवळचा आकडा दाखवेल. सिलिकॉनच्या वाफांनीही हा सेन्सर कायमचा आंधळा होतो. नुसतं शून्य बघून खूश होऊ नका.

मर्यादा पाठ असू द्या. स्वच्छ हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के, 19.5 च्या खाली गेला की श्वसनयंत्राशिवाय माणूस नको. तत्काळ जिवाला धोका मानली जाणारी पातळी हायड्रोजन सल्फाइडसाठी 100 पीपीएम, क्लोरीनसाठी 10, अमोनियासाठी 300, कार्बन मोनॉक्साइडसाठी 1200. फॉस्फीनसाठी 50. फॉस्फीनचं नाव वेगळं घेतलं ते ज्वारीच्या कोठारांमुळे. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने हाच वायू सोडतात, आणि विषप्रयोगाच्या प्रकरणांतही याच गोळ्या वारंवार सापडतात. बंद खोलीत अशी डबी उघडी दिसली तर रोबोनेच आधी हवा मोजावी. पाण्याचा फवारा अजिबात मारू नये.

लिहिणारा माणूस आकडा, जागा, उंची आणि वेळ एका ओळीत लिहील. जागेसाठी शेडचे खांब मोजा: 'पूर्वेकडून तिसरा खांब, जमिनीलगत'. हेच पुढे नकाशावर चढवायचं.

नमुने

दुसऱ्या फेरीत, तेही रसायनतज्ज्ञ बाहेर पडद्यासमोर बसलेला असेल तर, रोबोचा हात वापरा. आधी हवेचा नमुना, कारण तो सगळ्यात लवकर नाहीसा होतो. वाफा शोषून धरणारी कोळशाची नळी आणि छोटा पंप गाडीवरच बसवता येतो. मग पुसून घेतलेले नमुने, मग भुकटी, शेवटी द्रव.

आगीच्या जागेतली राख प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत कधीही नाही. पेट्रोल-रॉकेलच्या वाफा त्यातून निसटतात आणि प्रयोगशाळेला काहीच सापडत नाही. घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा वापरा आणि तीन-चतुर्थांशच भरा. त्याच खोलीतल्या, आग न लागलेल्या कोपऱ्यातला एक तुलनेचा नमुनाही घ्या. टॉवेलच्या कारखान्यात मशीनचं तेल, रंग आणि रसायनं नेहमीचीच असतात. तुलना नसेल तर कशाचा अंश नवीन आणि कशाचा रोजचा, हे कोण सांगणार?

बंद झाकण उघडणं, पिंप कलंडवणं, फुगलेला डबा हलवणं ही कामं रोबोला सांगू नका. यंत्राला इजा झाली तर नवीन घेता येतं, हे खरं. पण सांडलेलं रसायन सगळं घटनास्थळ बिघडवतं.

एक गोष्ट फक्त आपल्याकडे भेटेल. यंत्रमागाच्या शेडमध्ये जमिनीवर सुताचे तुकडे पडलेले असतात. गाडी वरून गेली की एखादा धागा मागच्या दात्याच्या चाकात शिरतो. आधी काहीच जाणवत नाही. धागा आसावर एकावर एक वेढे घेतो, वेढ्यांत उडता कापूस अडकतो, आणि बघता बघता आस आणि चौकट यांच्यामधली फट गच्च भरते. चाक थांबण्याच्या बऱ्याच आधी मोटर जास्त करंट ओढू लागते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात अँपिअरचा आकडा दिसला पाहिजे आणि दुसऱ्या माणसाची नजर त्यावर गेली पाहिजे. नेहमीच्या दीडपट झाला की थांबा, गाडी हातभर मागे घ्या, पुन्हा बघा. आणि बाहेर आल्यावर तो गुंडाळा उपटून गटारात फेकू नका. तो घटनास्थळावरून आलाय. जमिनीवरची भुकटी, तेल, जे काही असेल ते त्यात गोळा झालंय. कात्रीने अलगद कापा, फोटो घ्या, स्वतंत्र पाकिटात सील करा.

अडकला तर

आत जाण्याआधीच ठरवा: गाडी अडकली तर ती आणायला माणूस जाणार नाही. मागे दोर बांधलेला असेल तर ओढा, दुसरी गाडी असेल तर पाठवा, नाहीतर राहू द्या. शेवटच्या जागेची आणि वेळेची नोंद करा. लाखोंची गाडी आत आहे म्हणून रुमाल बांधून शिरणारा कुणीतरी निघतोच. त्याला अडवणं हे चौथ्या माणसाचं काम.

बाहेर आल्यावर

मधल्या पट्ट्यात प्लॅस्टिकचं मोठं घमेलं किंवा ताडपत्रीचा हौद करा आणि गाडी त्यात उभी करा. धुण्याआधी पट्ट्या आणि चिमटा पुन्हा पुसून नमुना घ्या. आधीचा कोरा बोळा आणि हा बोळा, अशी जोडी झाली. मग धुवा, पण पाणी रस्त्यावर सोडू नका. पहिलं पाणी बाटलीत भरून सील करा, उरलेलं रासायनिक कचरा म्हणून द्या. धुणाऱ्यांना हातमोजे, बूट आणि मुखवटा हवाच. आत न गेलेला माणूस इथे बेफिकीर असतो आणि इथेच त्याला बाधा होते.

कागद, पंच आणि कायदा

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रण करायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. कलम 105 झडती आणि जप्तीच्या ध्वनिचित्रणाचं. रोबोचं चित्रण यात सहज बसतं, पण आपोआप पुरावा होत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ताब्यात असलेल्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा संगणकीय ठसा, लिहायचं असतं. हे हॅश मेमरी कार्ड काढल्या काढल्या, पंचांसमोरच काढा. मग कार्ड सील करा आणि काम प्रतीवरून करा. ऑफिसात गेल्यावर बघू म्हटलं की मधल्या तासाचा हिशेब द्यावा लागतो.

पंचनाम्याचा मसुदा मात्र नव्याने विचार करायला लावतो. पंच आत गेलेलेच नाहीत. तेव्हा 'आम्ही आत जाऊन पाहिले असता' हे छापील वाक्य सरळ खोटं ठरेल. पंचांना चालकाच्या मागे, पडदा नीट दिसेल असं बसवा आणि लिहा: 'दूरनियंत्रित यंत्राच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर आम्हास दिसले की...' बाहेरून डोळ्यांनी दिसलेलं वेगळ्या परिच्छेदात. पुढे जागा सुरक्षित झाल्यावर तेच पंच आत गेले तर तो पंचनामा स्वतंत्र. चालकाचं नाव, त्याचं प्रशिक्षण, गाडीचा क्रमांक, कोरा नमुना घेतल्याची वेळ, हे सगळं आलं पाहिजे. चालक हा पुढे साक्षीदार होणार आहे, हे त्यालाही आधी सांगा. कॉलेजचा मुलगा चालक म्हणून बसवला असेल तर तीन वर्षांनी तो नोकरीला बंगळूरला असताना त्याला समन्स जाईल.

सराव

अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने अशा रोबोंसाठी चाचण्यांच्या पद्धती बसवल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या प्लायवूडच्या आहेत: 15 अंशांचे उतार आलटून पालटून मांडलेली जमीन, अरुंद बोळ, जिना. सुतार दोन दिवसांत करून देतो. बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये मालकाच्या परवानगीने मांडा, जमिनीवर सूत पसरा, धुरासाठी नाटकवाल्यांचं धुराचं यंत्र आणा. पिंपांत रंगीत पाणी आणि कोपऱ्यात एक जुना मोबाईल 'पुरावा' म्हणून ठेवा. चालकाला शेडकडे पाठ करून बसवा. पंच म्हणून कधीच रोबो न पाहिलेले दोन शेजारी बोलवा आणि शेवटी त्यांना विचारा, काय दिसलं? ते जे सांगतील आणि तुमच्या लिहिणाऱ्याने जे लिहिलंय, ते जुळतं का ते बघा. आमच्या सरावांत सगळ्यात जास्त गोंधळ दिशांचा झाला. कॅमेरा फिरला की डावं-उजवं बदलतं, म्हणून आता पडद्यावरच पूर्व-पश्चिम लिहिलेली पट्टी येते.

एक सराव मे महिन्याच्या दुपारी करा, एक जुलैच्या चिखलात. मधल्या काळात बॅटरी पूर्ण भरून कपाटात टाकू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, थंड जागी, महिन्यातून एकदा तपासून, आणि तपासल्याची तारीख पेटीवर लिहून.